दान, दक्षिणा आणि काळा पट्टा

दरवर्षी मे महिन्यात जपानातील क्योतो शहरी एक परीक्षा भरते. परीक्षार्थींकडे पाहिले तर ही परीक्षा आहे की पेन्शनरांचा मेळावा, असा प्रश्न पडावा. शेचाळीस वर्षांखालचा एकही उमेदवार नाही. बहुतेकांचे केस पिकलेले, काहींनी तर सत्तरी ओलांडलेली. कोणी शाळामास्तर, कोणी पोलीसखात्यातला, कोणी दुकानदार. अंगात गडद निळा अंगरखा, कमरेखाली घोळदार वस्त्र, छातीवर चिलखत, तोंडावर लोखंडी जाळीचे शिरस्त्राण आणि हातात बांबूच्या चार पट्ट्या चामड्याने आवळून केलेली तलवार. एरवी प्रत्येकाच्या कमरेच्या चिलखतावर त्याचे नाव असते. त्या दिवशी ते काढून ठेवायचे आणि नुसता क्रमांक लावायचा. वयाच्या क्रमाने चौघाचौघांचे गट पाडतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन झुंजी येतात, एकेक सुमारे दोन मिनिटांची.

ही केन्दोची, म्हणजे जपानी तलवारविद्येची, आठव्या पायरीची परीक्षा. अशीच नोव्हेंबरात तोक्योला होते. शंभरांतून उत्तीर्ण होतो एखादाच.

त्यातही मौज अशी की, झुंज कोण जिंकले हे परीक्षक मोजीतच नाहीत. चार फटके मारलेला माणूस नापास होतो आणि एकच वार केलेला पुढच्या फेरीत जातो. परीक्षकांचे लक्ष वाराकडे कमी आणि वाराच्या आधीच्या क्षणाकडे जास्त असते. तलवारीचे टोक पुढे सरकताच समोरचा विचलित झाला का? मन डळमळले म्हणून हात उचलला, की संधी दिसली म्हणून? वार करताना जीव राखून केला की झोकून देऊन? आणि वार झाल्यावर हा गडी सैल पडला की अजून सावध आहे? आपल्याकडचे जुने गवई एखाद्याच्या पहिल्या षड्जावरूनच त्याची तालीम ओळखीत, तसाच हा प्रकार. पहिल्या फेरीतून निभावले तर दुसरी फेरी, तीही पार पडली तर जोडीदारासह ठरीव डावांचे प्रदर्शन. १९१२ साली आखलेले हे दहा डाव आहेत. सात लांब तलवारीचे, तीन आखूड तलवारीचे. फलकावर उत्तीर्णांचे क्रमांक लागतात. ज्यांचा नाही ते आपली चिलखताची पिशवी उचलून गाडी पकडतात आणि पुढच्या खेपेस पुन्हा येतात. दहादहा, पंधरापंधरा वेळा येणारी माणसे तेथे आहेत. आपण कुठे कमी पडलो, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते.

हे क्योतोचे पुराण बडोद्याच्या वाचकांपुढे लावण्याचे कारण अगदी घरातले आहे. हल्ली आपल्याकडे सोसायटीसोसायटीच्या आवारात संध्याकाळी पांढऱ्या डगल्यातली मुले ओळीने उभी राहून हवेत गुद्दे मारताना दिसतात. कराटेचा वर्ग असतो, कुठे तायक्वांदोचा. (हा दुसरा कोरियाचा, पण पट्ट्यांची रीत जपानची उचललेली.) तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, पिवळा पट्टा, पट्ट्याचे निराळे पैसे, प्रमाणपत्र, छायाचित्र. पुढच्या तिमाहीला नारिंगी, मग हिरवा, निळा. आठवी-नववीत पोहोचेतो घरात एक काळा पट्टेवाला तयार! नातवाचे कौतुक कोणाला नको असते? मुले घाम गाळतात, वेळेवर जातात, नमस्कार करायला शिकतात, हा लाभ लहान नाही. पण पट्टा नावाची ही वस्तू मुळात काय होती आणि ती देण्या-नाकारण्याची पद्धत कशी घडली, हे पाहिले म्हणजे कोणत्याही पदवीविषयी काही गोष्टी उमगतात. तेव्हा थोडे मागे जाऊ.

जुन्या जपानात शस्त्रविद्या शिकणाऱ्याला गुरूकडून टप्प्याटप्प्याने लेखी दाखले मिळत. आधी डावांची यादी असलेली गुंडाळी, मग शिकवण्याचा परवाना, आणि सरतेशेवटी ‘सर्व विद्या दिली’ असा दाखला. टप्पे थोडे, मधली वर्षे फार. घराण्याचे गुह्य घराण्यातच. आपल्याकडच्या उस्तादांना ही पद्धत अजिबात परकी वाटली नसती.

ती मोडली कानो जिगोरो या शिक्षकाने. हा गृहस्थ पुढे तोक्योच्या अध्यापक महाविद्यालयाचा बराच काळ प्रमुख होता आणि १९०९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेला पहिला आशियाई. १८८२ साली एका देवळाच्या जागेत थोडे शिष्य घेऊन त्याने कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. शिक्षकाच्या नजरेला त्याला एक गोष्ट दिसली, ती म्हणजे दाखल्या-दाखल्यांत इतके लांब अंतर असेल, तर शिकणाऱ्याचा उत्साह मध्येच मावळतो. म्हणून त्याने लहान लहान पायऱ्या केल्या. या पायऱ्यांची कल्पना जपानात ‘गो’ नावाच्या पटावरच्या खेळात सतराव्या शतकापासून रूढ होती. ती त्याने उचलली. १८८३ साली साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो या दोघांना पहिली पायरी दिली. तिला म्हणतात ‘दान’. शब्दाचा अर्थ पायरी, एवढाच. आपल्या कानाला मात्र तो भलताच ओळखीचा लागतो. सोंगट्यांत पडते ते दान, ब्राह्मणाला देतात ते दान. पुढचा इतिहास पाहता तिन्ही अर्थ त्या जपानी शब्दाला अधूनमधून चिकटलेले आढळतात! असो. काळा पट्टा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आला, शिकाऊ कोण आणि तयार कोण हे आखाड्यात दुरून कळावे म्हणून. रंगीबेरंगी पट्टे त्याहून पुष्कळ पुढचे; ते युरोपात ज्युदो गेल्यावर तेथे फोफावले. कानोने स्वतः मात्र कोणतेच दान घेतले नाही. देणाऱ्याला कोण देणार?

कोदोकान १८८२ सालचे. आपल्या बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा निघाली १८८६ साली. चारच वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्हीकडे खटपट एकच होती. घराण्याच्या कोठारात कुलुपबंद असलेली विद्या वर्गात आणायची, तिचे इयत्तावार तुकडे पाडायचे, आणि गुरूच्या मर्जीऐवजी परीक्षेने पारखायची. १९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरवली, तेव्हाही चर्चा फिरून याच मुद्द्यावर येई. विशारद, अलंकार या पदव्यांवर ‘परीक्षा देऊन का गवई होतो?’ असा टोमणा मारणारे आपण सर्वांनी ऐकले आहेत. तो टोमणा जपानातही आहे. पण ज्यांच्या घरी गाणे नव्हते त्यांच्या मुलामुलींना गाणे मिळाले ते त्या शाळांमुळेच, आणि जपानात सामुराईच्या घरी न जन्मलेल्या पोराच्या हाती शस्त्रविद्या आली तीही कानोसारख्यांमुळे. तेव्हा पायऱ्या पाडल्या म्हणून विद्या बाटली, हे मला पटत नाही. विद्या बाटते ती वेगळ्या जागी.

ज्युदोत पायरी चढण्याचा एक रोखठोक मार्ग आहे. कोदोकानात वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, लाल आणि पांढरे असे दोन पक्ष समोरासमोर बसवतात. १८८४ पासून हा शिरस्ता आहे. खालच्या पायरीपासून वरच्यापर्यंत रांग. जिंकेल तो उभा राहतो, हरेल तो बसतो, आणि दुसरा भिडू पुढे येतो. एखाद्याने असे एकामागून एक पाच-सहा जण निखळ चीत केले तर त्याला तेथल्या तेथे वरची पायरी मिळते. आपल्या कुस्तीच्या फडात ढाल-नारळ घेऊन निघालेल्या मल्लासारखेच. येथे परीक्षकाच्या मताला फारसा वाव नाही. पाठ जमिनीला लागली ती सर्वांनी पाहिली. पण हा मार्ग तरण्यांचा. पन्नाशीच्या माणसाने सहा तरुण आपटावेत अशी अपेक्षा कोणी धरीत नाही, म्हणून वरच्या पायऱ्यांना ठरीव डावांचे ज्ञान, शिकवण्यातली सेवा आणि संस्थेचे मत यांना वजन येते. जितके वर जावे तितका आखाडा मागे पडतो आणि बैठकीची खोली जवळ येते. कोणत्याही क्षेत्रातल्या पदोन्नतीचे हेच नाही का?

केन्दोने निराळा उपाय काढला, तो म्हणजे काळ. महायुद्धानंतर जुनी बुतोकुकाई ही संस्था १९४६ साली विसर्जित झाली आणि १९५२ साली अखिल जपान केन्दो महासंघ उभा राहिला. त्याचा नियम असा. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी १ वर्ष थांबायचे, तिसऱ्यासाठी आणखी २, मग ३, ४, ५, ६, आणि सातव्यानंतर आठव्यासाठी तब्बल १०. बेरीज केली तर ३१ वर्षे होतात, तीही एकदाही नापास न होणाऱ्याची. पाचव्या दानापर्यंत प्रांतोप्रांतीचे संघ परीक्षा घेतात, सहाव्यापासून महासंघ स्वतः. म्हणजे ज्याने शिकवले त्याच्या हातातून निर्णय काढून घेतलेला. नववे आणि दहावे दान पूर्वी मोजक्या वयोवृद्धांना बहाल होई. २००० साली महासंघाने ते नियमातूनच काढून टाकले. आता आठव्याच्या वर शिडीच नाही.

आणि पट्टा? केन्दोत पट्टा नाही. पहिल्या दानाचा कॉलेजकुमार आणि आठव्या दानाचा म्हातारा शेजारी उभे राहिले तर कपड्यांवरून ओळखता येणार नाहीत. शिनाई उचलली की कळते. ज्या विद्येची परीक्षा सर्वांत कठीण, तिनेच मिरवण्याची खूण ठेवू नये, ही गोष्ट मला फार आवडते.

दानाखेरीज तेथे तीन उपाध्या आहेत: रेन्शी, क्योशी, हान्शी. त्या झुंजीवर मिळत नाहीत. शिफारस, शिकवण्याची पात्रता, चारित्र्य असे पाहून देतात. त्यांतल्या क्योशी आणि हान्शी या उपाध्या बुतोकुकाईने १९०२ साली सुरू केल्या, रेन्शी पुढे जोडली गेली. त्या वेळच्या नियमात एक तरतूद होती, ती वाचून संस्थानी मुलखात वाढलेल्या माणसाला बरे वाटते. हान्शी ठरलेल्या आचार्याला संस्थेकडून तहहयात छोटेसे वर्षासन मिळे! तलवारीचा काळ संपला, राजाश्रय गेला, म्हाताऱ्या आचार्यांनी खायचे काय? म्हणून उपाधीबरोबर पोटापाण्याची सोय.

आपल्या पूर्वजांना ही कल्पना ठाऊक होती. पेशव्यांच्या काळी पुण्यास श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. आपल्याकडे सयाजीरावांनी श्रावणमास दक्षिणेला रीतसर परीक्षा जोडली, आणि दूरदूरचे शास्त्री ती देण्यासाठी बडोद्यास येत. येथे पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावे. परीक्षा घेणारा देतो, परीक्षा देणारा घेतो. दरबाराला परीक्षेतून कमाई करायची नव्हती, उलट प्रत्येक उत्तीर्णामागे खजिन्याला खार लागे. मग उगाच कोणाला उत्तीर्ण करण्याचा मोह होण्याचे कारण काय?

आज सर्वत्र पैसा उलट दिशेने वाहतो आहे. परीक्षा देणारा फी भरतो, उत्तीर्ण झाला की नोंदणीचे निराळे पैसे भरतो. केन्दोतही तसेच. आणि एकदा प्रवाह उलटला की तो कोठे कोठे शिरतो, याचे उदाहरण त्याच महासंघाच्या घरात घडले.

हा महासंघ केन्दोबरोबर इआइदो नावाची विद्याही सांभाळतो. इआइदो म्हणजे म्यानातली तलवार उपसून वार करणे आणि ती पुन्हा म्यान करणे, एवढीच. समोर शत्रू नाही, तो कल्पनेतला. बसल्या जागेवरून, उभ्याने, चालता चालता, ठरलेल्या बारा प्रकारांनी आणि आपापल्या घराण्याच्या डावांनी. बघायला अत्यंत देखणी विद्या. तिच्या वरच्या पायऱ्यांच्या परीक्षांत उमेदवारांकडून परीक्षकांना रोख रकमा पोहोचवल्या जात असल्याचे २०१८ साली उघडकीस आले. तक्रार थेट सरकारच्या सार्वजनिक संस्थांवर देखरेख करणाऱ्या मंडळाकडे गेली, वृत्तपत्रांनी ती छापली, आणि पूर्वी असे प्रकार घडल्याचे महासंघालाही मान्य करावे लागले. आकडे लक्षावधी येनांचे होते. शिष्टाचार, विनय आणि निर्मळ मन यांची शिकवण देणाऱ्या विद्येत असे व्हावे, याचा जपानी लोकांना धक्का बसला.

मला धक्का बसला नाही; वाईट मात्र वाटले. कारण या व्यवहाराची मुळे लबाडीत नव्हे, चालीरीतीत आहेत. जपानात गुरूला कृतज्ञतेपोटी पाकिटातून काही देण्याची जुनी रीत आहे. चहापानविधी, पुष्परचना, नृत्य या कलांच्या घराण्यांत तर वरच्या दाखल्याला ठरलेले शुल्क असते आणि ते उघडपणे घेतले जाते. त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. आपली गुरुदक्षिणा ती हीच. मग दक्षिणेची लाच कधी होते? माझ्या मते फरक रकमेत नसून वेळेत आणि माणसात आहे. विद्या पुरी झाल्यावर, शिकवणाऱ्याला, आपखुशीने दिली ती दक्षिणा. निकाल लागायच्या आत, निकाल देणाऱ्याला, दिलीच पाहिजे म्हणून दिली ती दक्षिणा नव्हे. घराण्यात गुरू आणि परीक्षक एकच असतो, म्हणून हा भेद तेथे झाकून राहतो. महासंघाने परीक्षक निराळा केला, पण लोकांच्या हातातले पाकीट जुन्याच सवयीने पुढे आले, आणि घेणाऱ्यांचे हातही.

हे केन्दोत न होता इआइदोत का उघडकीस यावे, याचाही मी विचार केला. केन्दोत निकाल शेवटी परीक्षकांच्या मतावरच असतो, हे वर सांगितलेच. पण तेथे समोर एक हाडामांसाचा माणूस असतो आणि तोही आठव्या दानासाठी जिवावर उदार झालेला असतो. त्याच्यापुढे अनाडी माणूस उघडा पडतोच. त्याला पास करायचे म्हटले तर पाहणाऱ्या शेकडो जाणत्यांना काय तोंड दाखवायचे? शिवाय शिरस्त्राणात चेहरा झाकलेला, नावाची पट्टी काढलेली. इआइदोत चेहरा उघडा असतो, प्रतिस्पर्धी नसतो, आणि चांगले व अधिक चांगले यांतला फरक इतका सूक्ष्म की तो दिसला असेही म्हणता येते आणि नाही दिसला असेही. जेथे पारख केवळ नजरेवर आहे तेथे नजर विकत घेण्याची इच्छा होते. आपल्या नृत्य-गायनाच्या परीक्षकांनी आणि स्पर्धांच्या पंचांनी हे वाक्य वाचून रागावू नये.

तर मग नाकारणे म्हणजे प्रामाणिकपणा, शंभरांतून नव्याण्णव घरी पाठवले की विद्या शुद्ध राहिली, असे म्हणावे काय? तसेही नाही. नकार अन्यायाचाही असू शकतो, आणि त्याचे उदाहरण कानोच्या कोदोकानातलेच आहे.

कानोला तरुणपणी जुजुत्सु शिकवणाऱ्या गुरूंची नात, फुकुदा केइको. जन्म १९१३ चा. उंची जेमतेम पाच फूट. कानोने जुन्या गुरुघराण्याची आठवण ठेवून तिला बोलावले आणि १९३५ साली ती कोदोकानच्या स्त्रीविभागात दाखल झाली. लग्न केले तर ज्युदो सुटेल, म्हणून तिने लग्न केले नाही. १९३८ साली कानो वारला. १९५३ साली फुकुदाबाईंना पाचवे दान मिळाले, आणि तेथे गाडी थांबली. कारण विचाराल तर साधे होते: स्त्रियांना पाचव्याच्या वर पायरीच नव्हती. परीक्षेत नापास होण्याचा प्रश्न नाही, परीक्षाच नाही. बाईंनी शिकवलेले पुरुष त्यांच्यापुढे निघून गेले असतील आणि बाई पाचव्यावरच. पुढे त्या अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्कोला स्थायिक झाल्या. तेथल्या शिष्या आणि स्त्रीहक्कवाल्या मंडळींनी लिहालिही केली, दडपण आणले, तेव्हा १९७२ साली सहावे दान मिळाले. मध्ये एकोणीस वर्षे गेली होती! नववे दान कोदोकानने २००६ साली दिले. बाईंचे वय तेव्हा त्र्याण्णवाच्या घरात. त्याच वर्षाच्या आरंभी कोदोकानने तिघा वयोवृद्ध पुरुषांना दहावे दान दिले होते, आणि तोवरच्या त्या पंधरा जणांच्या यादीत एकही स्त्री नव्हती. दहावे दान फुकुदाबाईंना मिळाले ते २०११ साली, अमेरिकेच्या ज्युदोसंघाकडून. २०१३ साली नव्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. स्त्रियांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध एक पांढरी रेघ असे, पुरुषांच्या नसे. जपानच्या ज्युदो महासंघाने ती रेघ आपल्या स्पर्धांतून काढली तेव्हा २०१७ साल उजाडले होते.

पुरुषांच्या पट्ट्यात आणि स्त्रियांच्या पट्ट्यात विद्येचा फरक कोणता, याचे उत्तर त्या रेघेपाशी कोणाकडेच नव्हते. मुलींना शिकवण्यात पुढाकार घेतलेल्या आपल्या गावच्या बायकांनाही असली रेघ ठाऊक असेल. ती कापडावर नसेल इतकेच.

कराटेची कथा आणखी वेगळी. तेथे नाकारण्याचा अधिकार एकाच जागी राहिलाच नाही. ओकिनावा बेटातून आलेल्या फुनाकोशी गिचिनने कानोचे पाहून १९२४ साली आपल्या सात शिष्यांना पहिले दान दिले. पुढे शिष्य फुटले, शाखा फुटल्या, शाखांच्या उपशाखा झाल्या, आणि प्रत्येकीचा प्रमुख आपापले दान देऊ लागला. एकीकडे नाकारलेला माणूस दुसरीकडे जातो; तिसरीकडे जाऊन स्वतःची संस्था काढतो आणि दहावे दान घेतो. कराटे तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली एकदाचे खेळले गेले आणि २०२४ च्या पॅरिसमधून गळले. पण त्या पदकांचा आणि गल्लीतल्या पट्ट्यांचा संबंध फारसा नव्हताच.

आपल्या सोसायट्यांतले वर्ग या शेवटच्या झाडाच्या फांद्या आहेत. त्यांचे गणित केन्दोच्या अगदी उलट. केन्दोच्या आठव्या दानाची परीक्षा घेणाऱ्या महासंघाला नापास माणूस परवडतो. तो पुन्हा फी भरून येणारच, कारण त्याला जायला दुसरी जागा नाही. गल्लीतल्या शिक्षकाला नापास मुलगा परवडत नाही. तोच शिकवतो, तोच परीक्षा घेतो, तोच पट्टा विकतो आणि जागेचे भाडेही त्यालाच भरायचे असते. त्याला वर्षासन नाही, श्रावणमास दक्षिणा नाही. मी त्याला दोष देत नाही. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा असलेल्या या गावात लाठी, मल्लखांब, कुस्ती शिकलेले पुष्कळ लोक भेटतात, आणि त्यांतल्या कोणाकडेही रंगीत पट्टा नाही. पण तेथे चालवणाऱ्याचे पोट तुमच्या मुलाच्या उत्तीर्ण होण्यावर अवलंबून नव्हते.

मध्यंतरी अशाच एका वर्गाच्या तरुण शिक्षकाला मी सहज विचारले, ‘‘तुमच्याकडे परीक्षेत नापास किती होतात हो?’’

तो मोकळ्या मनाचा मुलगा. हसला. ‘‘नापास करून कसं चालेल, आजोबा? मुलं शेजारच्या क्लासला जातील.’’

शेजारचा क्लास खरोखरच दोन गल्ल्यांपलीकडे आहे. तेथे जांभळा पट्टाही मिळतो.